बंदरातल्या पाळकबाई

वृंदाताई पाटोळ्यांना उभं राहायचं होतं पुळपिटावर, आणि त्यांच्या वाट्याला आली जहाजाची शिडी.

पुळपिटाची, म्हणजे चर्चमधल्या उपदेशाच्या व्यासपीठाची, ओढ लहानपणची. त्यांचे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मंडळीचे पाळक होते. रविवारी सकाळी पांढरा झगा घालून ते उपदेशाला उभे राहिले की पुढच्या सतरंजीवर बसलेली वृंदा त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत राहायची, आणि दुपारी गोठ्यात जाऊन तोच उपदेश हातवाऱ्यांसकट म्हशींना ऐकवायची. म्हशी रवंथ करत निमूट ऐकून घ्यायच्या. बारावी झाल्यावर तिनं सांगितलं, "पप्पा, मला सेमिनरीत जायचंय. तुमच्यासारखं पाळक व्हायचंय." पप्पा रागावले नाहीत, हसलेही नाहीत. "बाईमाणसाच्या हाती मंडळी कोण देणार, बाळा?" एवढंच म्हणाले आणि तिचं नाव डी.एड.ला घातलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. मिशनच्या शाळेत नोकरी लागली, बँकेतल्या अनिल पाटोळ्यांशी लग्न झालं, सानिका झाली. मग बदल्या सुरू झाल्या. नांदेड, रायपूर, विशाखापट्टणम. दर वेळी वृंदाताईंची शाळेतली नोकरी सुटायची आणि नव्या गावात दूधवाल्यापासून सुरुवात करावी लागायची. शेवटी अनिलरावांची थेट बंगालात, एस्प्लनेडच्या शाखेत बदली झाली. सानिका तोवर पुण्यात नोकरीला लागली होती. भवानीपूरच्या त्या दोन खोल्यांत वृंदाताई दिवसभर एकट्या. हिंदी कामापुरतीच यायची, बंगाली तर कानावरून वाहून जायची. भाजीवाल्याशी बोटांनी बोलायची वेळ आली होती.

अशात एका रविवारी उपासनेनंतर चर्चच्या व्हरांड्यात त्यांना एक सूचना लावलेली दिसली. मंडळीसेवेचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम, संध्याकाळचे वर्ग, वयाची अट नाही, स्त्रियांनीही अर्ज करावा. त्यांनी ती वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. अनिलराव चपला घालून फाटकापाशी उभे होते, ते परत आले आणि त्यांनीही वाचली.

"मी पन्नाशीला आले, अहो," वृंदाताई म्हणाल्या.

"मग आता थांबण्यात काय अर्थ आहे?" अनिलराव म्हणाले. "संध्याकाळचा स्वयंपाक मी बघतो. काय जमेल ते खायचं मात्र."

पोळ्या त्यांना शेवटपर्यंत जमल्या नाहीत. पण भात आणि आमटी हाताला अशी काही बसली की आजही पाटोळ्यांच्या घरात आमटी तेच करतात.

विद्यालय सियालदहच्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. वर्गात सुंदरबनाकडून लोकल पकडून येणारा जोसेफ सरदार नावाचा तरुण होता, दोन परिचारिका होत्या, एक निवृत्त ट्रामचालक होते. बायबलचा अभ्यास, मंडळीचा इतिहास, समुपदेशन, उपदेश कसा तयार करायचा याचे धडे. शिकवणं इंग्रजीत, आणि रंगात आलं की बंगालीत. वृंदाताई आधी निम्मं ऐकायच्या आणि निम्मं अंदाजानं जोडायच्या. पण प्राचार्य रेव्हरंड बिस्वास मोठे समजूतदार. पहिल्यांदा उपदेश करून दाखवायची वेळ आली तेव्हा वृंदाताई तिसऱ्या वाक्याला अडल्या, घामाघूम झाल्या. बिस्वास म्हणाले, "तुमच्या भाषेत बोला. आम्ही ऐकतो." मग त्या मराठीत बोलल्या. समोरच्या एकालाही शब्द कळला नसेल, तरी कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. संपल्यावर ट्रामचालक काकांनी रुमालानं डोळे पुसले. कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला प्रत्यक्ष सेवेसाठी एकेक जागा मिळायची. कुणाला रुग्णालय, कुणाला वृद्धाश्रम. वृंदाताईंनी मनोमन एखादी मंडळी मागितली होती. त्यांच्या नावापुढे आलं खिदिरपूर, गोदी.

"गोदीत काय करायचं असतं?" त्यांनी घाबरून विचारलं.

"सुमनदी सांगतील," बिस्वास म्हणाले.

सुमन मंडल, म्हणजे सगळ्यांच्या सुमनदी, साठीच्या घरातल्या ठेंगण्या, काटक बाई. आधी परिचारिका होत्या, मग शिक्षण घेऊन बंदराच्या चॅप्लन झाल्या. चॅप्लन म्हणजे गोदीत लागणाऱ्या जहाजांवर जाऊन खलाशांची विचारपूस करणाऱ्या पाळकबाई. खलाशी महिनोन्‌महिने घरापासून दूर. बंदर आलं तरी बऱ्याचदा त्यांना खाली उतरता येत नाही. त्यांना कुणीतरी येऊन 'कसे आहात' असं विचारावं, फोनसाठी सिमकार्ड आणून द्यावं, आजारी असेल त्याला डॉक्टरकडे न्यावं, हे सुमनदींचं काम. सलवार-कमीज, डोक्यावर पिवळं हेल्मेट, पायात जाड बूट.

"ब्रिंदा," त्या पहिल्याच दिवशी आपल्या बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "जहाजावर जाताना तोंड घरी ठेवायचं. कान घेऊन यायचं."

"पण प्रार्थना? वचन? देवाचं नाव कधी घ्यायचं?"

"ते मागतील तेव्हा. आपण होऊन वाढायचं नाही."

वृंदाताईंना हे काही पटलं नाही. एवढा अभ्यास केला तो काय गप्प बसायला? पण त्याचा विचार करायला सवड मिळाली नाही, कारण समोर जहाजाची शिडी उभी होती. धक्क्यापासून थेट जहाजाच्या काठापर्यंत तिरपी गेलेली, खाली जाळं बांधलेली, पाऊल टाकलं की थरथरणारी. निम्म्यावर गेल्यावर वृंदाताईंनी खाली बघितलं. जहाज आणि धक्का यांच्या फटीत काळं पाणी चमकत होतं. त्यांचे पाय जागीच खिळले. वर जाता येईना, खाली येता येईना. वरचा पहारेकरी खलाशी हात पुढे करून काहीतरी सांगत होता, तेही कानात शिरेना. शेवटी सुमनदी मागून आल्या, त्यांच्या पाठीला हात लावला आणि एकेक पायरी करत त्यांना उलट्या पावली खाली घेऊन आल्या.

वृंदाताईंना वाटलं, झालं, आपल्याला आता परत पाठवणार. सुमनदींनी त्यांना गोदीच्या दाराबाहेरच्या टपरीवर नेलं आणि मातीच्या पेल्यातला चहा हातात दिला.

"मी पहिल्यांदा चढले तेव्हा वर जाऊन उलटी केली," त्या म्हणाल्या. "कप्तानाच्या बुटांवर."

वृंदाताई हसल्या. हसता हसता रडल्या. सुमनदींनी समजूत घातली नाही की शाबासकी दिली नाही, चहा संपेपर्यंत नुसत्या शेजारी बसल्या. पुढच्या खेपेला वृंदाताई शिडी चढून गेल्या. सुमनदी पुढे, त्या मागे, नजर सुमनदींच्या बुटांच्या टाचांवर. त्या दिवशीचं भय हळूहळू ओसरलं. पुरतं गेलं नाही, पण ते बरोबर घेऊन चढता येऊ लागलं.

डिसेंबरात एक मालवाहू जहाज इंजिनाच्या सुट्या भागांसाठी गोदीत अडकून पडलं. कप्तान फिलिपिनो, माणसं देशोदेशीची. कप्तानानं सुमनदींना निरोप पाठवला, आमच्या स्वयंपाक्याकडे जरा बघता का? त्याचे वडील वारले तेव्हा आम्ही समुद्रात होतो. तो काम करतो, पण बोलत नाही. तीन आठवडे झाले.

"नाव मंदार नाटेकर," सुमनदी म्हणाल्या. "तुझ्याकडचा आहे. तू जा."

"एकटी?"

"मी डेकवर आहे."

वृंदाताई जहाजाच्या स्वयंपाकघरात गेल्या. चाळिशीचा एक माणूस पाठमोरा उभा राहून कांदे चिरत होता. सुरी इतकी भराभर चालत होती की आवाज तुटत नव्हता.

"नमस्कार, मी वृंदा पाटोळे. भवानीपूरला राहते. मूळची नगरची."

सुरी थांबली. मराठी ऐकून त्यानं मान वळवली. मग त्याची नजर त्यांच्या गळ्यातल्या क्रुसावर गेली.

"मॅडम, मी हिंदू आहे."

"हो. कप्तान म्हणाले, तुमचे वडील गेले. मी इथे थोडा वेळ बसले तर चालेल?"

त्यानं खांदे उडवले. त्या एका स्टुलावर बसल्या. सांत्वनाची कितीतरी वाक्यं त्यांच्या जिभेवर रांग लावून उभी होती, पाठ केलेली, घासूनपुसून ठेवलेली. त्यांनी ती सगळी गिळली. जड गेलं. कांदे संपले, लसूण सोलून झाला, डाळीला उकळी आली. मग त्यानं फोडणी घातली आणि हिंगाचा वास दरवळला, तसं वृंदाताईंच्या तोंडून नकळत निघालं, "आमसूल घालता का आमटीत?"

"संपलं," तो म्हणाला. आणि जरा वेळानं, "बाबाच द्यायचे बांधून. दर खेपेला."

मग तो बोलत राहिला. गुहागरजवळच्या एका गावातलं घर. बाबांचं नाव विश्राम. जन्मभर होडी चालवली आणि मुलाला मोठ्या जहाजावर पाठवताना म्हणाले, माझ्यापेक्षा लांब जा. धाकट्या भावानं सगळं केलं, अग्नी दिला, दिवस केले. मंदारला फोनवर नुसते आवाज ऐकू आले. "इथं वीस माणसं जेवायची असतात. रडायला बसलो तर भात करपेल." तो पातेल्यात डाव फिरवत राहिला. "मॅडम, गंगा इथून जवळ आहे ना?"

"जवळ म्हणजे काय, गोदीचं पाणी तिचंच. दाराबाहेर पडलं की नदी."

"बाबांच्या नावानं एकदा पाणी सोडायचं होतं. मला कुठे काय करायचं ते माहीत नाही. इथल्या भटजींची भाषा येत नाही."

"विचारून सांगते," म्हणून वृंदाताई उठल्या. पाळकाची मुलगी मी, पाळकबाई व्हायला निघालेली, आणि मी याला तर्पणाला घेऊन जाऊ? पप्पांना काय सांगू? बिस्वास सरांना?

धक्क्यावर उतरल्यावर त्यांनी ते सगळं सुमनदींपुढे ओतलं.

सुमनदींनी हेल्मेट काढून केस नीट केले. "माणूस कुठे अडलाय ते शोधायचं, हे शिकवलं ना तुला? तो पाण्यापाशी अडलाय. त्याला पाण्यापर्यंत ने. मंत्र तुला म्हणायचे नाहीत. आणि जे तुझं आहे ते तुझ्यापासून कुणी काढून घेत नाही."

त्याच संध्याकाळी वृंदाताई खालच्या मजल्यावरच्या श्यामरावांकडे गेल्या. श्यामराव रेल्वेतून निवृत्त झालेले, गार्डन रीचच्या कचेरीत सगळी नोकरी केलेले, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीचा पहिला आवाज त्यांचा. तोवर ओळख जिन्यातल्या नमस्कारापुरतीच होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आत हाक मारली, "अनुराधा, काळे तीळ आहेत का गं?"

अनुराधाबाई वाटी घेऊनच बाहेर आल्या.

"मी काही भटजी नाही," श्यामराव म्हणाले, "पण माझ्या वडिलांचं दर वर्षी बाबूघाटावर मीच करतो. तुम्ही त्याला घेऊन या. पुढचं माझ्याकडे लागलं." आणि दाराशी सोडायला आले तेव्हा म्हणाले, "तुम्हाला हे सुचलं, याचं मला फार बरं वाटलं, वृंदाताई."

जहाजाच्या एजंटानं बाहेर जायचा पास काढून दिला. कप्तानानं सकाळची सुट्टी दिली. नाश्त्याचं डेकवरच्या माणसांनी आपसांत वाटून घेतलं. मंदार इस्त्रीचा पांढरा सदरा घालून शिडी उतरला तेव्हा वर कठड्याशी सात-आठ जण त्याला बघायला उभे होते.

बाबूघाटावर हवेत गारठा होता आणि नदीवर धुक्याचा पातळ पडदा. भरती चढत होती. पलीकडे जाणारी फेरी गेली की लाटा पायऱ्यांवर येऊन फुटायच्या. श्यामराव धोतर नेसून आले होते. त्यांनी मंदारला गुडघाभर पाण्यात उभं केलं, दक्षिणेला तोंड करवलं, ओंजळीत तीळ दिले आणि अंगठ्याकडून पाणी कसं सोडायचं ते स्वतः करून दाखवलं.

"गोत्र?"

"माहीत नाही, काका."

"मग काश्यप म्हण. चालतं. आता वडिलांचं नाव घे. मोठ्यानं घे."

"विश्राम," मंदार म्हणाला. आणि पुन्हा एकदा, "विश्राम." तिसऱ्यांदा नाव घेताना त्याचा आवाज फुटला, आणि तो माणूस लहान मुलासारखा हमसाहमशी रडू लागला. श्यामरावांनी त्याचं कोपर घट्ट धरून ठेवलं, पाणी सांडू दिलं नाही. वृंदाताई वरच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांच्या एका हातात मंदारच्या चपला आणि दुसऱ्या हातात त्याचा पास. त्यांनी डोळे मिटले आणि आपल्या प्रभूशी बोलल्या, आपल्या शब्दांत, अगदी मनातल्या मनात.

नंतर तिघं बसस्टँडच्या बाजूला कचोरी आणि बटाट्याची भाजी खायला बसले. मंदारनं पहिला घास घेतला, थांबला, भाजीकडे बघितलं. "आलं जास्त झालंय," तो म्हणाला. आणि मग म्हणाला, "किती दिवसांनी चव लागली." त्यानं आणखी दोन कचोऱ्या मागवल्या.

गोदीच्या दारात निरोप घेताना त्यानं विचारलं, "ताई, तुम्ही रोज हेच करता?"

"नाही रे. मी अजून शिकतेय."

"मग बरं शिकवतंय कुणीतरी तुम्हाला," तो म्हणाला, आणि वाकून नमस्कार करून आत गेला.

ही हकिगत वृंदाताईंना वर्गापुढे मांडायची होती, ती प्रथाच होती. त्यांनी काही लपवलं नाही. संपल्यावर जोसेफ सरदार उठला. मुलगा सरळ मनाचा, आवाजात टोमणा नव्हता. "दीदी, तुम्ही एकदाही प्रभूचं नाव घेतलं नाही त्याच्यापुढे? मग तुमच्यात आणि कुठल्याही भल्या शेजाऱ्यात फरक काय?"

"मी तिथे गेले ती प्रभूमुळेच गेले, जोसेफ," वृंदाताई म्हणाल्या. "नाहीतर मी त्या शिडीवर कशाला चढले असते? मला उंचीची भीती वाटते."

वर्ग हसला, जोसेफही हसला. बिस्वास हसले नाहीत. "जोसेफचा प्रश्न चांगला आहे," ते म्हणाले. "सगळ्यांनी तो जवळ ठेवा, आयुष्यभर पुरेल. वृंदादीदींनी त्या माणसाला त्याच्या वडिलांपर्यंत पोचवलं, तेही जवळ ठेवा." आणि पुढच्या विद्यार्थ्याला बोलावलं.

राहता राहिले पप्पा. वृंदाताईंनी नगरला फोन लावला. पप्पा आता ऐंशी पार केलेले, कानानं कमी ऐकणारे. त्यांना सगळं मोठ्यानं, दोन-दोनदा सांगावं लागलं, आणि तर्पण हा शब्द तर तीनदा ओरडून सांगावा लागला.

"पप्पा? ऐकताय ना?"

"ऐकतोय. तू तिथे बसलीस, आणि तो कांदे चिरत होता, आणि तू बोलली नाहीस?"

"नाही बोलले."

"मी पन्नास वर्षं लोकांच्या मातीला गेलो, बाळा. पहिली वीस वर्षं नुसता बोलतच होतो." पप्पा खोकले. "रडणाऱ्याला आधी रडू द्यावं, हे मला कुणी शिकवलं नाही. तुझ्या त्या बाईंना माझा सलाम सांग."

फोन ठेवल्यावर वृंदाताई खिडकीपाशी येऊन बसल्या. खाली रस्त्यावर खजुराच्या नव्या, नोलेन गुळाचा विक्रेता ओरडत चालला होता. अनिलरावांनी आमटी गरम केली, पान वाढलं, आणि त्यांना हाक न मारता शेजारी येऊन बसले.

एप्रिलात अभ्यासक्रम संपला. सेवेसाठी नेमणूक करण्याचा छोटासा विधी झाला तेव्हा श्यामराव आणि अनुराधाबाई चर्चमध्ये आले. दोघांचीही ती चर्चमधली पहिलीच वेळ, चपला बाहेर काढायच्या की नाही यावरून त्यांची दारात हलकीशी चकमक झाली. सुमनदींनी वृंदाताईंच्या डोक्यावर हात ठेवला. कोणी आभाराचे दोन शब्द बोला म्हणालं. वृंदाताई हिंदी, बंगाली, इंग्रजी सगळ्यांची खिचडी करत बोलल्या. नवऱ्याचं नाव घेतलं, गुरुजनांचं घेतलं, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं घेतलं, आणि मंदार नाटेकरांचंही. म्हणाल्या, त्यांनी मला आपल्या स्वयंपाकघरात बसू दिलं.

आता त्या खिदिरपूरच्या साहाय्यक चॅप्लन आहेत. भवानीपूरहून बस धरतात, मोडक्यातोडक्या बंगालीत कंडक्टरशी गप्पा मारतात. मंदारचा अधूनमधून फोन येतो, कधी डर्बनहून, कधी कुठून. गेल्या वेळी घरी गेला तेव्हा त्यानं गुहागरहून आमसुलाची पुडी पाठवली, निम्मी त्यांना आणि निम्मी श्यामरावांना. महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना अनुराधाबाईंनी ही सगळी गोष्ट सांगितली, तेव्हापासून त्या सगळ्याजणी हिवाळ्यासाठी खलाशांना लोकरीच्या टोप्या विणतात. परवा मोठी पिशवी भरून टोप्या आल्या. त्यातली एक जांभळी टोपी इतकी मोठी झाली होती की सुमनदींनी ती हेल्मेटवरून घालून बघितली, आणि दोघी धक्क्यावर उभ्या राहून पोट धरधरून हसल्या. मग वृंदाताईंनी पिशवी खांद्याला लावली आणि शिडीच्या दोराला हात घातला.